रिपोर्टातले ठळक आकडे, आणि ठळक न झालेले

या खेपेला रक्ताच्या रिपोर्टांविषयी बरीच पत्रे आली. सोबत रिपोर्टांच्या झेरॉक्सही होत्या, त्यामुळे उत्तरे नेमकी देता आली. पत्रे थोडक्यात दिली असून नावे गाळली आहेत. पत्रावरून दिलेले उत्तर तपासणीची जागा घेऊ शकत नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचे, एवढे त्यातून कळावे.

प्रश्न : वय ६२, निवृत्त शिक्षक, म्हापसा. तक्रार काही नाही. मुलीने आग्रह केला म्हणून ७२ चाचण्यांचे पॅकेज केले. सहा आकडे ठळक छापून आले : एमसीएचसी (लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ३१.३, मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १.८ टक्के, युरिक ॲसिड ७.३, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, व्हिटॅमिन डी १९, उपाशीपोटी साखर १०४. झोप उडाली आहे. गेल्या वर्षीचा रिपोर्टही जोडला आहे.

गेल्या वर्षीचा रिपोर्ट जोडलात हे फार चांगले केलेत. सगळे उत्तर त्यातूनच निघाले आहे.

आधी ठळक छपाईचा अर्थ. आकड्यासमोर जी मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक चाचण्यांत निरोगी माणसांची रक्ते तपासून ठरवतात. मधली ९५ टक्के माणसे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे धडधाकट असलेली ५ टक्के माणसे प्रत्येक चाचणीत पट्ट्याबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के असते. ७२ चाचण्यांत एकही ठळक आला नसता तरच नवल. मशीनला फक्त रेघ कळते. रेघ ओलांडली की ते शाई गडद करते, मग ती केसभर ओलांडलेली असो की कोसभर.

एलडीएल आणि साखरेची गोष्ट वेगळी आहे. तिथली रेघ ‘किती लोकांत आढळते’ यावरून आखलेली नाही, ‘कुठून पुढे धोका वाढतो’ यावरून आखली आहे. १३८ एलडीएल कुणाला चालेल आणि कुणाला नाही, हे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि घरातला हृदयविकार बघून ठरते. ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला त्याला ७० च्या खाली आणावे लागते. मोनोसाइट १.८ सोडून द्या. युरिक ॲसिड ७.३ असले तरी सांधा कधी सुजला नसेल, मुतखडा झाला नसेल, तर गोळी लागत नाही. डी जीवनसत्त्व १९ म्हणजे थोडे कमी, त्याने झोप उडण्याजोगे काही नाही.

आता जे ठळक झालेले नाही ते बघा. तुमचे हिमोग्लोबिन गेल्या वर्षी १५.२ होते, यंदा १३.३ आहे. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ८९ वरून ८१ वर आला आहे. दोन्ही आकडे मर्यादेत आहेत, म्हणून शाई साधी आहे. पण एकाच माणसाचे हिमोग्लोबिन वर्षभरात जवळजवळ २ ग्रॅमने उतरणे आणि सोबत पेशी लहान होणे, हे लॅब बदलल्यामुळे होत नाही. लॅबलॅबमधला फरक ०.३ ते ०.५ चा असतो. एमसीएचसी ३१.३ एकटे असते तर आम्ही त्याकडे लक्ष दिले नसते. या दोघांच्या शेजारी बसल्यावर मात्र तेही तीच गोष्ट सांगते : शरीरातले लोह आटत चालले आहे.

साठीच्या पुरुषाचे लोह कमी होते तेव्हा आहाराला दोष देऊन थांबायचे नाही. रक्त कुठून तरी झिरपत असण्याची शक्यता असते : पोटातला व्रण, गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या, मूळव्याध किंवा मोठ्या आतड्यातली गाठ. म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, करून घ्या. ते ३० च्या खाली आले तर फिजिशियनला दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवा आणि एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपीविषयी स्वतःहून विचारा. लोहाची गोळी सुरू करून ही तपासणी पुढे ढकलू नका. गोळीने आकडा सुधारतो आणि कारण झाकले जाते.

साखर १०४ साठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी सांगितली जाईल. ती करा, पण एक लक्षात असू द्या : लोह कमी असताना ही चाचणी खऱ्यापेक्षा थोडी जास्त दाखवते. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर सोबत असली म्हणजे फसगत होत नाही.

प्रश्न : डिचोली. मुलगी २२ वर्षांची. हिमोग्लोबिन १०.६. सहा महिने लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर सगळे चालू आहे. आकडा १०.७ च्या वर जात नाही. गोळी बदलावी का? इंजेक्शन घ्यावे का?

दोन्ही थांबवा. आधी त्याच कागदावरच्या आणखी तीन ओळी वाचा.

मुलीच्या रिपोर्टात आरबीसी, म्हणजे लाल पेशींची संख्या, ५५ लाख आहे. एमसीव्ही ६२ आहे. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली असमानता, १५ आहे. लोह कमी पडते तेव्हा कारखान्यात कच्चा मालच नसतो. मग पेशी लहान होतात आणि संख्येनेही कमी होतात. इथे पेशी फार लहान आहेत, पण संख्या भरपूर आहे. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचे, संख्या दशलक्षात घ्यायची : ६२ भागिले ५.५, उत्तर ११.३. हे उत्तर १३ च्या खाली आले की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचे वाहक असण्याचा, संशय घ्यायचा, वर आले की लोहाच्या कमतरतेचा. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण कागद-पेन्सिलीने घरी करता येतो आणि पुष्कळांच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्या वाचवतो.

निदानासाठी एचपीएलसी पद्धतीची, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी करा. त्यात एचबीए२ चे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर आले तर ती बीटा थॅलेसेमियाची वाहक ठरते. फेरिटिन त्याच दिवशी करून घ्या. कारण लोह फारच कमी असेल तर एचबीए२ खोटे खाली येते आणि निदान निसटते. फेरिटिन कमी निघाले तर लोह भरून काढायचे आणि मग एचपीएलसी पुन्हा करायची. फेरिटिन भरपूर असेल तर लोह लगेच बंद. वाहकाला त्याचा उपयोग नसतो आणि साठत गेले तर अपायच होतो. एचपीएलसीही नॉर्मल आणि फेरिटिनही नॉर्मल, तरी पेशी लहान, असे झाले तर अल्फा प्रकाराचा विचार करावा लागतो. त्याची चाचणी जनुकीय असते.

वाहक असणे हा आजार नाही. हिमोग्लोबिन जन्मभर दहा-अकराच्या आसपास राहील, नोकरी, खेळ, बाळंतपण सगळे व्यवस्थित होईल. एकच गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. होणारा नवराही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या मुलाला तान्हेपणापासून आयुष्यभर रक्त चढवावे लागते. म्हणून पत्रिका जुळवण्याआधी मुलाची एचपीएलसी मागा. मागताना लाज वाटू देऊ नका. लग्न होऊन गेले असेल तर दिवस राहण्याआधी, आणि राहिलेच तर पहिल्या दोन-अडीच महिन्यांत दोघांची तपासणी व्हायला हवी, म्हणजे गर्भजल किंवा वारेच्या तपासणीला वेळ मिळतो. मुलीच्या भावंडांचीही चाचणी करून ठेवा.

भागाकार १३ च्या वर येतो, लोहाचीच कमतरता आहे, तरी आकडा हलत नाही, असेही पुष्कळांच्या बाबतीत होते. तेव्हा गोळी कशी घेतली जाते ते बघा. चहासोबत किंवा चहानंतर लगेच घेतलेली गोळी फुकट जाते, कारण चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते. कॅल्शियम किंवा आम्लपित्ताच्या गोळीसोबत घेतली तरी तेच. रिकाम्या पोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून किमान तासभर लांब घ्यावी. गोळीत ६० ते १०० मिलिग्रॅम प्रत्यक्ष लोह असावे. मळमळ होत असेल तर एक दिवसाआड घ्या, शोषण त्यानेही चांगले होते. नीट लागू पडली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने चढते. आकडा नॉर्मल झाल्यावर आणखी तीन महिने चालू ठेवावी लागते, नाहीतर तिजोरी रिकामीच राहते. मासिक पाळीत किती रक्त जाते, हा प्रश्न मुलीला आईनेच विचारायला हवा. तारुण्यात लोह जाण्याची सर्वांत मोठी वाट ती आहे.

प्रश्न : सत्तरी. भाऊ ३४ वर्षांचा, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करतो. चार दिवस ताप. एका लॅबमध्ये प्लेटलेट ५८,००० आल्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये १ लाख ३१ हजार. डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह. कुठला रिपोर्ट खरा? नातेवाईक रक्तपेढीकडे धावायला तयार आहेत, शेजारी पपईच्या पानांचा रस देतात.

पत्र पोहोचेपर्यंत भाऊ बरा झालेला असावा अशी आशा आहे. पण पावसाळ्यात हा प्रश्न घरोघरी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लेटलेट मोजणारे मशीन कणाचा आकार बघून तो काय आहे हे ठरवते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असते. काही माणसांच्या प्लेटलेट या ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात. सुई नीट लागली नाही, रक्त हळूहळू आले, नळी सात-आठ वेळा अलगद उलटीसुलटी केली नाही, तरीही गुठळ्या होतात. मशीनला ही गुठळी म्हणजे एक मोठी पेशी वाटते. आतल्या वीस-तीस प्लेटलेट हिशेबातून गळतात. काचपट्टीवर तेच रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की पट्टीच्या पातळ कडेला जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके स्पष्ट दिसतात. म्हणून अचानक कमी आलेल्या आकड्यावर पहिला प्रश्न हा : ‘स्मिअर बघितला का? गुठळ्या आहेत का?’ असतील तर निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. त्या नळीत द्रव आधीच भरलेला असल्याने आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावे लागते. तुमच्या पहिल्या रिपोर्टात स्मिअरचा शेरा नाही. एका रात्रीत ५८,००० चे १ लाख ३१ हजार होणे डेंग्यूच्या ऐन दिवसांत बसत नाही. पहिल्या नळीत गुठळ्या असाव्यात, असा आमचा कल आहे.

एनएस१ तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडते, आणि तेव्हाही प्रत्येकात सापडेलच असे नाही. पाचव्या दिवसानंतर आयजीएम चाचणी उपयोगी पडते. म्हणजे निगेटिव्ह एनएस१ ने डेंग्यू नाही असे ठरत नाही. त्यातून भाऊ कुळागरात राबतो. डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या तर ओरडण्याइतक्या दुखतात, लघवी पिवळीधमक, आणि रिपोर्टात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) दोन्ही चढलेले, असे चित्र असेल तर लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप. त्यात पांढऱ्या पेशी बहुधा वाढतात, डेंग्यूत घटतात. लेप्टोवर प्रतिजैविक लवकर सुरू झाले तर मूत्रपिंड वाचते. म्हणून डॉक्टरांना ‘चिखलात, पाण्यात काम करतो’ हे न विचारता सांगा. मलेरियाची पट्टी सोबत व्हायलाच हवी. आणि हाच प्रश्न डिसेंबर ते मे या काळात आला असता, भाऊ काजूच्या बागेत किंवा रानात जाणारा असता, तर आम्ही माकडतापाचे नाव आधी घेतले असते. सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. त्यातही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरतात, कागदावर तो थेट डेंग्यूसारखा दिसतो. गोचीड चावल्याचे, माकड मेलेले पाहिल्याचे आरोग्य केंद्रात आवर्जून सांगावे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा प्लेटलेट कमी झाल्यामुळे नव्हे. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब कोसळतो. हे दाखवणारा आकडा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का; रिपोर्टावर बहुधा पीसीव्ही नावाने असतो. पहिल्या दिवशी ३९ होता आणि पाचव्या दिवशी ४७ झाला, तर ती २० टक्क्यांची वाढ. हा माणूस प्लेटलेट ९०,००० असल्या तरी धोक्यात आहे. उलट पीसीव्ही जागच्या जागी, रक्तस्राव नाही, लघवी होते, पेज-पाणी पोटात टिकते, अशा माणसाच्या प्लेटलेट ३०,००० झाल्या तरी बाहेरून चढवण्याची गरज नसते. रक्त कुठून जात नसेल तर १०,००० च्या खाली गेल्यावरच तो विचार होतो. चढवलेल्या प्लेटलेट त्या आजारात टिकतही नाहीत. म्हणून रक्तपेढीकडे धावण्याआधी ‘पीसीव्ही किती झाला?’ हे विचारा.

तापाचा तिसरा ते सातवा दिवस जपायचा. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच पाणी झिरपते. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार, गुंगी, सहा तासांत एकदाही लघवी नाही, यांतले एक जरी दिसले तरी पुढच्या रिपोर्टाची वाट न बघता इस्पितळ गाठा. घरी असेल तर मीठ घातलेली पातळ पेज, ओआरएस, नारळपाणी मिळून दिवसाला अडीच लिटरपर्यंत पोटात जावे. तापाला फक्त पॅरासिटामोल : ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन चुकूनही नको. पपईच्या पानांच्या रसाने जीव वाचतो असा भरवशाचा पुरावा नाही. कडू रसाने उलट्या वाढल्या तर तोटाच होतो. प्लेटलेट वाढतात त्या आजाराचा वेळ भरल्यावर, रस दिला नाही तरी.

मोजणी रोज एकाच लॅबमध्ये, शक्यतो एकाच वेळी करा. ६२,००० चे ५६,००० झाले म्हणून घाबरू नका. एवढा फरक त्याच नळीतले रक्त दोनदा मोजले तरी येतो.

प्रश्न : काणकोण. आई ६५ वर्षांची, रक्तदाब आणि मधुमेह. क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ६.१. रक्त सकाळी सातला घरी येऊन नेले, मडगावच्या लॅबमध्ये दुपारी एकला पोहोचले. रिपोर्टाखाली ‘नमुना हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे. केळी आणि नारळपाणी बंद केले. क्रिएटिनिन तर नॉर्मलच्या जवळ आहे ना?

दोन आकडे, दोन वेगवेगळी उत्तरे.

पोटॅशियम पेशीच्या आत खच्चून भरलेले असते, बाहेर अगदी थोडे. लाल पेशी फुटल्या, म्हणजे नमुना ‘हिमोलाइज्ड’ झाला, की आतले बाहेर येते आणि आकडा फुगतो. रक्त घेताना दंडाचा पट्टा मिनिटभराहून जास्त ठेवला, ‘मूठ उघडा, मिटा’ असे वारंवार करायला लावले, सिरिंजमधले रक्त सुईतूनच जोराने नळीत ढकलले, तरी आकडा फुगतो. सहा तासांचा प्रवासही त्यात आला. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचे पिवळसर पाणी, दोन तासांत वेगळे व्हायला हवे होते. ते वेगळे न करता रक्त बर्फावर ठेवले तर आणखी वाईट, गारठ्यात पोटॅशियम पेशीतून झिरपते आणि पेशी फुटल्याची लाल खूणही दिसत नाही. आणखी एक चूक घडते : आधी जांभळी नळी भरून तिच्यातले थोडे रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत ओततात. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएच्या क्षारातच पोटॅशियम असते. तेव्हा पोटॅशियम चढते आणि कॅल्शियम एकदम तळाला जाते. हे दोन्ही एकत्र दिसले की चूक ओळखू येते.

तरीही ‘नमुना खराब होता’ म्हणून हा कागद बाजूला ठेवायचा नाही. आई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेते असे पत्रात आहे. त्याने पोटॅशियम खरेच वाढू शकते, आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर नक्कीच. खरे ६.१ असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून त्याच दिवशी, लॅब किंवा इस्पितळात जाऊन, मूठ न आवळता रक्त द्यायचे आणि सोबत ईसीजी काढायचा. पायांत जोर नाही, धडधड होते, चक्कर येते, असे असेल तर थेट इस्पितळ. दुसऱ्यांदा ४.७ आले तर केळी परत सुरू करा. ‘कमी सोडियमचे मीठ’ मात्र घरात असेल तर काढून टाका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते.

क्रिएटिनिनच्या बाबतीत उलटे आहे. तो आकडा दिसतो त्याहून गंभीर आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. तिशीच्या पिळदार पुरुषाचे १.३ आणि पासष्टीच्या बारीक बाईचे १.३ एक नव्हे. वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढला तर त्या तरुणाचा ७६ येतो आणि तुमच्या आईचा ४६. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद निम्म्यावर आली आहे. एका रिपोर्टावरून दीर्घ आजार ठरवत नाहीत. तीन महिने तो ६० च्या खाली टिकला तर ठरतो. आदल्या रात्री मटण खाल्ले असेल, उलट्या-जुलाब झाले असतील, तर क्रिएटिनिन तात्पुरते चढते. पुन्हा कराल तेव्हा सकाळच्या लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण जरूर करा. ते ३० च्या वर असेल तर गाळणी गळते आहे, आणि ईजीएफआर चांगला असला तरी उपचार लागतो. आतापर्यंत हे प्रमाण एकदाही केलेले दिसत नाही. मधुमेहाच्या माणसाचे ते दर वर्षी व्हायला हवे.

टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करू नका. पोटॅशियम ताब्यात असेल तर ते मूत्रपिंड राखते. बंद करायच्या त्या गुडघ्यांसाठी फार्मसीतून परस्पर आणलेल्या गोळ्या. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यास कमी करतात, ३० च्या खाली थांबवतात, म्हणून पुढचा आकडा डॉक्टरांना दाखवाच. काणकोण तालुक्यात मधुमेह-रक्तदाब नसलेल्या माणसांतही मूत्रपिंडाचा दीर्घ आजार आढळला आहे. तेव्हा घरातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी.

प्रश्न : फोंडा, वय ३८, वजन ८८ किलो. एसजीपीटी ९६, एसजीओटी ५४, प्लेटलेट २.४ लाख. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. दारू रोज नाही, हुर्राकाच्या (काजूच्या सौम्य दारूच्या) दिवसांत तेवढी. लिव्हर टॉनिक घ्यावे का?

टॉनिक नको. काढे आणि गुळवेलीच्या गोळ्याही सध्या बंद. गुळवेलीने काही जणांच्या यकृताला सूज आल्याचे भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे.

ही दोन्ही यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतात. एसजीपीटी हे एसजीओटीहून जास्त आहे, हे वजनाच्या चरबीचे चित्र. दारूचे यकृत असते तर बहुधा उलटे, एसजीओटी दुप्पट दिसले असते. तरी हुर्राकाचा हिशेब करा. साधारण १५ टक्के मद्यार्क धरला तर २०० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल जाते. व्हिस्कीच्या मोठ्या पेगात २० ग्रॅम. हुर्राक सौम्य लागतो, पण ग्लास मोठा असतो.

यकृत कडक होऊ लागले आहे का, हे हाती असलेल्या आकड्यांवरून काढता येते. वय गुणिले एसजीओटी, ३८ × ५४ = २०५२. प्लेटलेट हजारांत, २४०, गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, ९.८ = २३५२. भागाकार ०.८७. तो १.३ च्या खाली आहे, म्हणजे तूर्त धोका कमी. हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासा, साखर व ट्रायग्लिसराइड बघा. वजन सात ते दहा टक्के, म्हणजे सहा ते नऊ किलो, उतरले की चरबी आणि सूज दोन्ही ओसरतात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्या तपासणीच्या आधी आठवडाभर जिममध्ये जड वजने उचलू नका, स्नायूंतूनही एसजीओटी येते.

प्रश्न : साखळी, वय ३१. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) ६.९, एफटी४ (थायरॉइडचे संप्रेरक) नॉर्मल. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेते. थायरॉइडची गोळी जन्मभर लागेल का?

बायोटिन तीन दिवस बंद ठेवून चाचणी पुन्हा करा. बऱ्याच मशीनमध्ये ते टीएसएच खोटे कमी आणि एफटी४ खोटे जास्त दाखवते, म्हणजे तुमचे खरे टीएसएच ६.९ हून अधिकही असू शकते. मग दोन-तीन महिन्यांनी आणखी एकदा, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे). टीएसएच १० च्या खाली, एफटी४ नॉर्मल आणि त्रास नसेल तर पुष्कळांना गोळी लागत नाही. मूल हवे असेल तर मात्र दोन-तीन महिने थांबू नका, आत्ताच दाखवा.

प्रश्न : साळगाव. मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याने रिपोर्ट पाठवला : प्लेटलेट २३६, हिमोग्लोबिन १४६, एचबीए१सी ४४, कोलेस्टेरॉल ५.८, क्रिएटिनिन ९२. आम्ही घाबरून गेलो.

एककांचा फरक आहे, घाबरण्याजोगे काही नाही. तिथल्या २३६ प्लेटलेट म्हणजे आपल्या २ लाख ३६ हजार. हिमोग्लोबिन लिटरमागे मोजतात, दहाने भागा : १४.६. क्रिएटिनिनला ८८.४ ने भागा : १.०४. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणा : २२४, थोडे जास्त. साखर असती तर १८ ने गुणायची, तिथली ६.१ म्हणजे आपली ११०. बोटीवर असणाऱ्यांच्या आणि आखातातून आलेल्या पुष्कळ रिपोर्टांनाही हेच गुणाकार-भागाकार लागू पडतात.

लक्ष द्यायचे ते एचबीए१सीकडे. ४४ ला ०.०९१५ ने गुणून त्यात २.१५ मिळवायचे : ६.२ टक्के. मधुमेह ६.५ पासून, तिथल्या मापात ४८ पासून. ४२ ते ४७ ला तिथले डॉक्टर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा धरतात. आपल्या रिपोर्टांवर हा उंबरठा ५.७ टक्के, म्हणजे ३९ पासूनच छापलेला असतो. मुलाला वजन आणि कंबरेचा घेर विचारा, घरात कुणाला मधुमेह आहे हे त्याने तिथल्या डॉक्टरांना सांगितले आहे का तेही विचारा, आणि वर्षभराच्या आत हीच चाचणी पुन्हा करायला सांगा. गणपतीला घरी येऊन इथे केली, तर दोन्ही कागद एकाच मापात आणून मगच ताडून बघा.